वहिनीचा टिरो

"वन्सं, माझं वाक्य सुटलं!"

मी डोळ्यांत औषध घालून आडवी पडले होते. पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. त्यामुळे वहिनी दिसली नाही, फक्त ऐकू आली. एक चप्पल दाराशी पडली, दुसरी कुठेतरी टेबलाखाली गेली, पिशवी खुर्चीवर आदळली. हे सगळं इतक्या घाईनं झालं की मला वाटलं, मंडळात कुणाला तरी भोवळ आली असणार.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी गेलं नाही हो! वाक्य गेलं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू!"

मी औषधाची पर्वा न करता डोळे उघडले. वहिनीचं वाक्य सुटणं ही आमच्या घरात साधीसुधी बाब नव्हे. ती चाळीस वर्षं लघुलेखक. त्यातली एकतीस वर्षं तिनं एकाच वकीलसाहेबांकडे काढली. साहेब खोकले, दिवे गेले, शेजारच्या इमारतीत घणाचे घाव पडत होते, तरी हिच्या पेन्सिलीतून शब्द निसटला नाही. माझा भाऊ असताना तर नवरा-बायकोच्या भांडणातही तिचीच सरशी व्हायची. तो तावातावानं म्हणायचा, "मी असं बोललोच नव्हतो!" आणि ही आठवड्यापूर्वीचं त्याचं वाक्य स्वल्पविरामासकट त्याच्या पदरात घालायची. भावाला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघीच या घरात आहोत, आणि अजूनही ती मला अहो-जाहो करते. मी अठ्ठावीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. मला कुणीही अहो-जाहो केलं तरी मी त्याला अरे-तुरेच करते.

"नीट सांग," मी म्हणाले. "आधी पाणी पी."

पाणी पिण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिनं पेला हातात घेतला आणि तो हातवारे करायला वापरला.

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी चार वाजता इतिहास मंडळ भरतं. वहिनी तिथे अकरा वर्षांपूर्वी इतिहास ऐकायला गेली. पहिल्याच दिवशी वक्त्यानं तोंड उघडलं आणि हिचा हात सवयीनं पिशवीतल्या पेन्सिलीकडे गेला. झालं. तेव्हापासून मंडळाचं इतिवृत्त हीच लिहिते. तिला कुणी नेमलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. यंदाचा विषय होता प्राचीन रोम. प्रत्येक सभासदानं रोमच्या इतिहासातली आपली एक आवडती व्यक्ती निवडायची आणि तिच्यावर अर्धा तास बोलायचं. ही सगळी भाषणं एका मोठ्या, जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवून लायब्ररीत कायमची ठेवायची होती. मंडळात चौदा सभासद. वक्त्यांच्या यादीत तेरा नावं. हा फरक चार महिने कुणाच्याच लक्षात आला नव्हता. वहिनीच्याही नाही, याचाच मला जास्त राग येतो.

"आज हेडमास्तरांचा सिसेरो होता," वहिनी सांगू लागली. "छान बोलत होते. सिसेरो कसा वकील, कसा वक्ता, सभेत उभा राहिला की कशी टाचणी पडली तरी ऐकू यायची. मी आपली उतरवून घेत होते. आणि मग ते म्हणाले, हे सगळं त्याचा टिरो नावाचा गुलाम लघुलिपीत टिपून घेत असे. असो."

"मग?"

"असो, वन्सं! असो म्हणाले ते! दोन हजार वर्षांपूर्वी एक माणूस वकिलासमोर बसून शॉर्टहँड घेत होता, आणि त्याच्यावर एक वाक्य, वर असो! माझी पेन्सिल थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मला हेडमास्तरांना विचारावं लागलं."

तिचे डोळे लहान मुलीसारखे लकाकत होते. बासष्टाव्या वर्षी माणसाला असा आनंद होतो, हे मी वॉर्डात क्वचितच पाहिलं होतं. पहिल्या नातवाच्या वेळी एखादीला होतो. हिला एका मेलेल्या रोमन माणसासाठी झाला.

पुढचे दहा दिवस आमचं घर टिरोनं डोक्यावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर लायब्ररीची सहा पुस्तकं, भिंग, पेन्सिलीचे तुकडे. मी ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकले. मी अंघोळीला गेले तरी सुटका नव्हती. दार वाजायचं.

"वन्सं, त्याला सारखा ताप यायचा!"

"कुणाला?"

"टिरोला! प्रवासात आजारी पडला, तर सिसेरोला त्याला मागे ठेवून पुढे जावं लागलं. वाटेतून पत्रावर पत्रं. एका दिवशी तर तिसरं पत्र! काय लिहिलंय माहितीये? डॉक्टरांचं ऐक, अंगात ताकद आल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू नकोस, माझ्यासाठी घाई करू नकोस."

हे ऐकून मात्र मी तशीच टॉवेल गुंडाळून दार किलकिलं केलं. पेशंटच्या नातेवाइकाला एवढी अक्कल असलेली मी माझ्या उभ्या नोकरीत चार वेळा पाहिली असेल. "हा सिसेरो बरा दिसतोय," मी म्हणाले.

"बरा होताच. पुढे त्यानं टिरोला गुलामीतून मोकळंही केलं. आणि एका पत्रात आपल्या लिखाणाबद्दल लिहिताना आधी माझं म्हणतो आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करून आपलं म्हणतो. तू नाहीस तर ते मलूल पडलंय म्हणतो. आपलं, वन्सं!"

मग तिला टिरोच्या नावानं ओळखली जाणारी चिन्हं सापडली. त्यात 'आणि'साठी एक खूण आहे, इंग्रजी सातासारखी. टिरो गेल्यावर हजार वर्षं मठांतले लेखनिक ती वापरत होते. वहिनीला ती इतकी आवडली की तिनं ती घरात चालू केली. दोन दिवसांनी इस्त्रीवाला चिठ्ठी नाचवत दारात उभा. "ताई, दोन चादरी मिळाल्या. हे सात अभ्रे कुठायत?" वहिनी दाराला धरून हसत सुटली. मला त्याला समजावता समजावता घाम फुटला, कारण सिसेरोपासून सुरुवात करावी लागली.

पण या सगळ्यात तिनं एक गोष्ट अजून केली नव्हती. मीच म्हटलं, "तू बोलत का नाहीस मंडळात याच्यावर?"

हातातलं भिंग तिनं पुसलं, पुन्हा पुसलं. "मी? मी तर लिहिते."

"चौदावी सभासद आहेस ना?"

"आहे की." मग हळूच म्हणाली, "मला बोलायचंय, वन्सं. फार बोलायचंय. आणि ते त्या रजिस्टरात यायला हवंय. एकदाच."

बुधवारी मी तिच्याबरोबर लायब्ररीत गेले. हेडमास्तर खिडकीजवळच्या टेबलावर यादी तपासत बसले होते. सेवानिवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. शेजारी दंतवैद्य होते. त्यांचा सीझर पुढच्या रविवारी होता, आणि टक्कल झाकायला सीझरला पानांचा मुकुट किती आवडायचा हे ते प्रत्येकाला आधीच सांगत सुटले होते. पलीकडे फायर ऑफिसर पेपर वाचत होते. त्यांनी ऑगस्टस निवडला होता, तोही केवळ त्यानं रोममध्ये आग विझवणारी पथकं उभी केली म्हणून. साम्राज्याबद्दल त्यांना फारसं काही म्हणायचं नव्हतं. रोपवाटिकेच्या मालकानंही तसंच केलं होतं. राजगादी सोडून कोबी लावत बसलेला सम्राट डायोक्लेशियन त्यानं शोधून काढला आणि अर्धा तास कोबीवर बोलला. एकूण काय, रोम अफाट आहे आणि जो तो त्यात आपलीच गल्ली शोधतो.

"सर, माझं नाव घालायचं राहिलंय," वहिनी म्हणाली.

हेडमास्तरांनी यादीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. "अरेच्चा. खरंच की. पण वहिनी, तुम्ही लिहिता ना!"

"बोलणारही आहे."

"अवश्य, अवश्य. कुणावर?"

"टिरो."

हेडमास्तर चष्म्यावरून पाहू लागले. "सिसेरोचा टिरो? अहो, त्याला दिलंय की मी एक वाक्य."

माझ्या तोंडावर आलं होतं, पण वहिनीनं मला कोपरानं ढोसलं. ती स्वतःच पुढे झाली. "सर, तुमच्या भाषणात सिसेरोची सत्तावीस वाक्यं होती. माझ्याकडे मोजलेली आहेत. ती तुमच्यापर्यंत आणली कुणी?"

"तसं नव्हे हो, पण व्यक्ती कर्तृत्ववान हवी," दंतवैद्य मध्येच म्हणाले. "त्यानं स्वतः काय केलं?"

"तेच तर सांगायचंय. अर्धा तास द्या."

हेडमास्तर माणूस वाईट नाही. विचारात पडले, मिशीवरून बोट फिरवलं. "माझी ना नाही. पण मग लिहिणार कोण? तुम्ही बोलत असताना तुमचं कोण घेणार?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. वहिनीनं ओठ दाबून धरले. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला.

"मी घेतो की! आगीचे अहवाल लिहिलेत मी तीस वर्षं. त्यात काय!" फायर ऑफिसर उठून उभे राहिले, जणू गाडी आताच निघणार होती.

परतताना वहिनी रस्त्यानं इतकी भराभर चालत होती की मला रिक्षा करावीशी वाटली.

तिनं भाषण लिहिलं ते अर्थात लघुलिपीत. दुसरं काही तिला जमत नाही. फ्रिजसमोर उभं राहून तिनं ते पाच वेळा म्हटलं. फ्रिज मध्ये मध्ये गुरगुरायचा, ती त्याला "धन्यवाद" म्हणायची. सीझरनंतरच्या रविवारी तिची पाळी होती. साडेतीन वाजता तिला चष्मा मिळेना, मग चष्मा मिळाला तर रुमाल मिळेना. शेवटी मीच म्हणाले, "तू चप्पल घाल, पिशवी मी भरते." टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची, वरून तारेनं बांधलेली वही होती. मी ती उचलली आणि पिशवीत टाकली.

इथे मला कबूल करायला हवं. वहिनीच्या सगळ्या वह्या निळ्या पुठ्ठ्याच्या आणि वरून तारेच्या आहेत. साहेबांच्या काळातल्या एक फळीभर वह्या तिनं जपून ठेवल्या आहेत. त्या आठवड्यात त्यातली एक तिनं काहीतरी बघायला काढली होती, हे मला माहीत नव्हतं. आणि आत उघडून पाहिलं असतं तरी मला काय कळणार होतं? मला ती सगळी अक्षरं मुंग्या चालल्यासारखीच दिसतात.

खोली भरली होती. वहिनी टेबलामागे उभी राहिली, वही उघडली, आणि थांबली. पान उलटलं. पुन्हा उलटलं. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी हजारदा पाहिलंय, त्यामुळे मी खुर्चीतून अर्धी उठलेच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कळलं की मी काय केलंय. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"काय झालं, वहिनी?" हेडमास्तर काळजीनं म्हणाले. "पुढच्या रविवारी ठेवू या का?"

वहिनीनं वहीकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. "नको, सर. वही चुकली. ही माझ्या साहेबांची आहे, त्यांचं शेवटचं डिक्टेशन. मग आता साहेबांपासूनच सुरू करते."

आणि ती बोलू लागली. साहेब रोज सकाळी दालनात फेऱ्या घालत सांगायचे. मध्येच थांबले की म्हणायचे, मागचं वाक्य वाचा. ती वाचायची. ऐकून साहेब खूश व्हायचे, म्हणायचे, वा, चांगलं बोललोय मी. त्यातलं अर्धं तिनं सावरलेलं असायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. दोघांनीही कधी ते बोलून दाखवलं नाही. "म्हणून मला टिरो लगेच ओळखू आला," ती म्हणाली.

खोली हसली, आणि त्या हसण्यात माझं लक्ष टेबलाच्या कडेकडे गेलं. वहिनीचा उजवा हात हलत होता. हातात पेन्सिल नव्हती, पण बोटं लाकडावर भराभर चालली होती. बाई स्वतःचंच बोलणं उतरवून घेत होती! मी चटकन फायर ऑफिसरांकडे पाहिलं. त्यांच्या कागदावर दोन ओळी होत्या. पेन्सिल कानावर, हनुवटी मुठीवर, आणि तोंड उघडं. भला माणूस ऐकण्यात पार बुडाला होता.

म्हणजे कुणीच लिहीत नव्हतं. मी पर्स उपसली. हाताला माझी ब्लडप्रेशरची डायरी लागली आणि मी लिहायला सुरुवात केली. मला एकच पद्धत येते, वॉर्डातली. डावीकडे वेळ, उजवीकडे काय घडलं ते.

४.१०. साहेब. मागचं वाक्य वाचा.

४.१५. ताप. एका दिवसात तिसरं पत्र. बोट नको.

४.२०. सिसेरोला मारलं. मुंडकं आणि हात कापून सभेच्या चौकात लावले. वहिनी म्हणते, पण त्याचे लिहिते हात दुसरेच होते, ते शाबूत राहिले.

इथे हेडमास्तरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मी तेही लिहिलं.

वहिनीच्या गालांवर लाली चढली होती. वही तिनं केव्हाच मिटली होती. ती सांगत होती की सिसेरो गेल्यावर टिरोनं त्याची पत्रं, भाषणं सांभाळली, लोकांपुढे आणली. तो शंभर वर्षं जगला असं म्हणतात, स्वतःच्या शेतावर. सिसेरोनं त्याला पाठवलेली पत्रं आज आपण वाचू शकतो. टिरोनं उलट पाठवलेलं एकही पत्र राहिलेलं नाही. आपलीही पत्रं जपली जावीत असं त्याला वाटत होतं, सिसेरोनं त्यावरून त्याची थट्टाही केली होती. तरी जे उरलं ते साहेबाचं.

"चाळीस वर्षं," वहिनी म्हणाली आणि थांबली. तिचा टेबलावरचा हात पहिल्यांदाच स्थिर झाला. मग तिनं खिडकीकडे पाहत एक वाक्य म्हटलं. संथपणे, जराही न अडखळता. दंतवैद्यांनी चष्मा काढला. फायर ऑफिसरांच्या कानावरची पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली आणि कुणी ती उचलली नाही.

त्यानंतर टाळ्या झाल्या, त्या मी बराच वेळ ऐकत होते.

घरी आलो तेव्हा जेमतेम सहा वाजले होते. वहिनीनं चहासुद्धा घेतला नाही. टेबलावरची पुस्तकं बाजूला सारली, ते मोठं रजिस्टर उघडलं आणि माझ्यापुढे हात केला. "आणा डायरी."

"वही मी चुकवली, वहिनी," मी म्हणाले. "रागाव की एकदा."

"त्या वहीत इतकं चांगलं नव्हतं," ती म्हणाली आणि डायरी ओढून घेतली. वरच्या पानावर माझं एकशे चाळीस-नव्वद होतं, त्याखाली सिसेरो. ती वाचत गेली, हसत गेली. "वन्सं, तुम्ही हेडमास्तरांचा 'वा' पण घेतलात!" तिनं पेन भरलं, पानाच्या डोक्यावर विषय लिहिला. 'वक्ता' या शब्दापुढे ती क्षणभर थांबली. मग तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या घरचं आणि माझ्या भावाच्या घरचं, दोन्ही. ते अक्षर मी तिच्या हातून पहिल्यांदाच एवढं मोठं पाहिलं.

तासभर ती लिहीत होती. मी समोर बसून मटार सोलत होते. मग पेन थांबलं.

"चार पस्तीसला 'चाळीस वर्षं' एवढंच आहे. पुढे कोरं."

"हो."

"मी काय म्हणाले तिथे?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी लिहिलं नाही गं. तुझ्याकडे बघत होते."

"पण ऐकलंत ना?"

"ऐकलं. फार चांगलं होतं. सगळे गप्प झाले. पण शब्द... तुला आठवत नाही?"

ती डोळे मिटून बसली. ओठ हलले, बोटं टेबलावर दोनदा चालली आणि थांबली. "नाही. वहीत नव्हतंच ते. तिथेच सुचलं."

आम्ही हेडमास्तरांना फोन केला. त्यांनी एक वाक्य सांगितलं, ते सरळसरळ सिसेरोचं वाटत होतं. फायर ऑफिसरांनी आधी दहा वेळा माफी मागितली आणि मग दुसरंच काहीतरी सांगितलं. दंतवैद्य म्हणाले, "मला अर्थ आठवतोय, शब्द नाहीत. पण वहिनी, मी घरी येऊन बायकोला हाक मारली आणि तिच्याशी बोलत बसलो बघा."

वहिनीनं फोन ठेवला. मला रडू येत होतं. एकदाच बोलली बाई आयुष्यात, आणि तिचं सगळ्यात चांगलं वाक्य माझ्या हातून गेलं. "तू घाल ना काहीतरी," मी म्हणाले. "साहेबांचं सावरायचीस तसं. तुझंच तर आहे."

"साहेबांचं सावरता यायचं, कारण समोर कच्चं असायचं. इथे काहीच नाही." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे, वन्सं. सगळ्यांनी ऐकलंय ना? आणि हे बघा, शेवटी 'टिपण' म्हणून सही तुम्ही करायची. मी लिहिलेलं नाही हे. तुम्ही घेतलंत."

"मी? माझ्या त्या वॉर्डातल्या नोंदी?"

"सही," ती म्हणाली, अगदी माझ्या सिस्टरच्या आवाजात.

मग तिनं ड्रॉवरमधून पट्टी काढली. 'चाळीस वर्षं' या शब्दांखाली तिनं बरोबर एका ओळीएवढी जागा मोजली, वर आणि खाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, आणि ती ओळ तशीच कोरी सोडून पुढचं वाक्य लिहायला घेतलं.